शहराचं नाव नेमकं कुणाचं?



जगातल्या मोठमोठ्या शहरांनी आपली नावं का बदलली, हा आजचा विषय. इस्तंबूल, सेंट पीटर्सबर्ग, सायगॉन अशी बरीच भटकंती करायची आहे. पण निघताना घरातूनच निघू. हे भाषण ऐकणारे तुमच्यापैकी बरेच जण महाराष्ट्राबाहेर राहतात, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला एका शहराची दोन-तीन नावं सांभाळायची सवय असतेच. मी बडोद्याचा. घरात आम्ही ‘बडोदे’ म्हणतो, शेजारच्या गुजराती कुटुंबाशी बोलताना ‘वडोदरा’ म्हणतो आणि बँकेचं पासबुक उघडलं की ‘बरोडा’. सरकारनं १९७४ साली वडोदरा हे नाव अधिकृत केलं. बँक ऑफ बरोडा मात्र बँक ऑफ बरोडाच राहिली, आणि सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठाच्या इंग्रजी नावात आजही बरोडा आहे. इंदूरकरांना विचारा, ते पाहुण्यांशी ‘इंदौर’ म्हणतील आणि आईशी ‘इंदूर’. ग्वाल्हेर, तंजावर, बेळगाव, सगळीकडे हीच गत. म्हणजे नाव ही गोष्ट एकच आणि पक्की नसते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता मुंबईकडे बघा. १९९५ साली ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ झालं असं आपण म्हणतो. पण मराठी माणसाच्या दृष्टीनं त्या दिवशी नेमकं काय झालं? आपण तर आधीपासून मुंबईच म्हणत होतो. गुजराती माणूसही मुंबईच म्हणत होता. बदलायचं होतं ते इंग्रजीत बॉम्बे लिहिणाऱ्यांना आणि हिंदीत बंबई म्हणणाऱ्यांना. शहराचं नाव बदललं नाही, तर आमच्या घरात जे नाव आहे तेच तुम्हीही वापरा, असं जगाला सांगितलं गेलं.

हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार अगदी वेगळा. त्यात गावातल्या माणसाच्या तोंडातलं नाव काढून घेतात आणि वरून दुसरं देतात. वर्तमानपत्रात दोन्हींना ‘नामांतर’ हा एकच शब्द वापरतात, त्यामुळे फार गोंधळ होतो. कुठल्याही शहराच्या नामांतराबद्दल वाचलं की मी आधी एवढंच बघतो, की तिथली भाजीवाली आदल्या दिवशी त्या शहराला काय म्हणत होती?

इस्तंबूलचंच घ्या. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय: १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, युरोपचा पूर्वेकडचा व्यापारी मार्ग अडला, मग दर्यावर्दी नवे मार्ग शोधायला निघाले. त्या धड्यामुळे आपली अशी समजूत होते की सुलतान दुसरा मेहमेद शहरात शिरला आणि लगेच जुनं नाव पुसून इस्तंबूल करून टाकलं. तसं काही झालं नाही. ऑटोमन सुलतानांच्या नाण्यांवर आणि कागदपत्रांवर पुढे शतकानुशतकं ‘कोस्तान्तिनिय्ये’ हेच नाव होतं. कॉन्स्टँटिनोपलचंच ते अरबी वळणाचं रूप. जिंकणाऱ्याला ते नाव का ठेवावंसं वाटलं असेल? माझ्या मते, ज्या नावाचा दरारा हजार वर्षं जगात होता, ते नाव आता आपलं झालं, यातच त्याची शान होती. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं इ. स. ३३० मध्ये हे शहर आपली राजधानी म्हणून थाटलं. त्याच्याही आधी तिथे बायझँटियन नावाची ग्रीक वसाहत होती.

आणि ‘इस्तंबूल’ हा शब्द? तो तुर्की वाटतो, पण अभ्यासक त्याचं मूळ ग्रीकमध्ये सांगतात. ‘ईस तिन पोलिन’, म्हणजे ‘शहरात’ किंवा ‘शहराकडे’. आसपासच्या खेड्यांतल्या माणसाला कुणी विचारावं, कुठे निघालास? तो म्हणणार, शहरात. दुसरं शहर होतंच कुठे त्या तोडीचं! अंधेरी-बोरिवलीची माणसं ‘टाऊनला’ जातात, पुण्याच्या उपनगरातली माणसं पेठांमध्ये जायचं तर ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात, तसंच हे. ते बोलीतलं रूप तुर्कांच्या तोंडी रुळलं. ऑटोमन काळात दरबारी कागदावर एक नाव आणि बाजारात दुसरं, असा संसार बराच काळ सुखानं चालला होता. काही सुलतानांनी ‘इस्लामबोल’ म्हणजे ‘इस्लामनं भरलेलं’ अशी शब्दाची ओढाताण करून नाण्यांवर तेही छापलं. सामान्य माणूस मात्र इस्तंबूलच म्हणत राहिला.

मग बदल कधी झाला? साम्राज्य गेल्यावर. पहिल्या महायुद्धात ऑटोमन हरले, मुस्तफा केमालनं प्रजासत्ताक उभं केलं आणि १९२३ मध्ये राजधानी अंकाराला नेली. १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून तुर्की भाषा लॅटिन अक्षरांत लिहायचं ठरलं. आणि १९३० च्या मार्चमध्ये तुर्कस्ताननं जगाला कळवलं, की यापुढे इस्तंबूल असंच लिहा; पाकिटावर कॉन्स्टँटिनोपल लिहिलंत तर पत्र पोचणार नाही. मला यातली हुशारी फार आवडते. सैन्य नाही, परिषद नाही, नुसतं पोस्टमनला सांगून काम भागवलं. लंडनच्या व्यापाऱ्याला इतिहासाशी घेणंदेणं नसेल, पण आपलं बिल वेळेवर पोचावं याची काळजी त्याला असणारच. शहरातल्या तुर्काला त्या दिवशी काहीच नवीन शिकावं लागलं नाही. म्हणजे हा मुंबईचाच प्रकार.

पण तिथल्या ग्रीकांचं काय? त्यांच्यासाठी तो दिवस तसा नव्हता. ग्रीसमध्ये आजही रस्त्यावरच्या पाट्यांवर ग्रीक अक्षरांत कॉन्स्टँटिनोपलच लिहिलेलं असतं, आणि बोलताना लोक नुसतं ‘पोली’ म्हणतात, म्हणजे ‘शहर’. इस्तंबूलमध्येच बसणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मगुरू, त्यांची अधिकृत पदवी अजूनही ‘कॉन्स्टँटिनोपल, नवं रोम’ इथले आर्चबिशप अशी आहे. एकाच्या तोंडातलं नाव अधिकृत झालं की दुसऱ्याच्या तोंडातलं अनधिकृत होतं. बेळगावच्या श्रोत्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू, वरून दिलेल्या नावांकडे. याची उदाहरणं इतकी आहेत की भराभर सांगतो. न्यूयॉर्क आधी डचांचं न्यू ॲमस्टरडॅम होतं. १६६४ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि राजाच्या भावाचं, ड्यूक ऑफ यॉर्कचं नाव दिलं. १६७३ मध्ये डचांनी परत जिंकलं तेव्हा त्याचं नाव झालं ‘न्यू ऑरेंज’. नागपूरकरांनी खूश होऊ नये, ते ऑरेंज राजघराण्यावरून होतं, संत्र्यावरून नाही. पुढच्याच वर्षी शहर इंग्रजांकडे आलं आणि पुन्हा न्यूयॉर्क झालं. नॉर्वेतलं ओस्लो १६२४ मध्ये जळलं, तेव्हा डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा ख्रिस्तियान यानं ते जरा बाजूला सरकवून नव्यानं वसवलं आणि स्वतःचं नाव दिलं, ख्रिस्तियानिया. तीनशे वर्षांनी, १९२५ मध्ये, स्वतंत्र नॉर्वेनं जुनं ओस्लो परत आणलं. जपानचं एदो १८६८ मध्ये तोक्यो झालं, म्हणजे ‘पूर्वेची राजधानी’. तिथे कुणा राजाची हौस नव्हती, सत्ता कुठून चालणार हे सांगायचं होतं.

आणि कझाकस्तानची राजधानी! समजा तिथे कुणी १९६० साली जन्मलं. जन्मगाव अक्मोलिन्स्क. एक वर्षाचं मूल होतं तोवर गाव त्सेलिनोग्राड झालं. सोव्हिएत संघ गेल्यावर अक्मोला. राजधानी तिथे आल्यावर १९९८ मध्ये अस्ताना, ज्याचा अर्थच ‘राजधानी’. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव यांनी पद सोडलं, तर त्यांच्या हयातीतच शहराला नूर-सुलतान नाव दिलं. तीन-साडेतीन वर्षांत वारं फिरलं, २०२२ मध्ये परत अस्ताना. त्या माणसानं घर बदललं नाही, पण गावाचं नाव पाच वेळा बदललं. जिवंत माणसाचं नाव शहराला देऊ नये एवढं तरी शहाणपण असावं, असं मला वाटतं. निदान रबरी शिक्क्यांचा खर्च वाचेल.

व्हिएतनाममध्ये ३० एप्रिल १९७५ ला सायगॉन पडलं आणि पुढच्या वर्षी देश अधिकृतपणे एक झाला तेव्हा त्याचं नाव हो चि मिन्ह सिटी झालं. स्वतः हो चि मिन्ह १९६९ सालीच वारले होते. तिथले लोक आजही बोलताना, विशेषतः शहराच्या जुन्या मध्यभागाबद्दल, सर्रास सायगॉन म्हणतात. रेल्वे स्थानक सायगॉन, नदी सायगॉन. विमानाच्या तिकिटावर तीन अक्षरी खूण असते ना, तीही एसजीएन, म्हणजे सायगॉनची. आपल्या मुंबईच्या विमानतळाची खूण अजून बीओएम आहे, तशीच.

इथवर ऐकून वाटेल की हिशेब सोपा आहे. लोकांचं नाव खरं, सरकारी नाव खोटं. सरकार गेलं की खोटं नावही जाईल. मलाही हा हिशेब आवडला असता. पण एक शहर असं आहे की ते हा हिशेब पार मोडून टाकतं, आणि आजचं भाषण खरं तर त्याच्यासाठीच आहे. ते शहर म्हणजे सेंट पीटर्सबर्ग.

झार पीटर द ग्रेटनं १७०३ मध्ये नेवा नदीच्या मुखाशी दलदलीत एका बेटावर किल्ल्याचा पाया घातला. सगळे समजतात की शहराला त्यानं स्वतःचं नाव दिलं. तसं नाही, नाव आहे येशूचा शिष्य संत पीटर याचं. आता तो झारच्या नावाचाच संत होता हा योगायोग त्याला आवडला नसेल असं मी म्हणत नाही. पीटरला हॉलंडचं फार वेड. म्हणून नाव ठेवलं तेही डच धाटणीचं, ‘सांक्त-पीतर-बुर्ख’. पुढे ते जर्मन वळणाचं झालं, पीटर्सबुर्ग. बुर्ग म्हणजे गड. तर हे रशियन राजधानीचं नाव जन्मापासूनच परकं होतं आणि मुद्दाम परकं ठेवलेलं होतं, कारण पीटरला रशिया युरोपकडे वळवायचा होता. लोकांनी त्यावर उपाय काढला, नुसतं ‘पीतेर’ म्हणायचं. आजही तिथले लोक पीतेरच म्हणतात.

१९१४ मध्ये जर्मनीशी युद्ध सुरू झालं. जर्मनविरोधी संताप इतका की राजधानीतल्या जर्मन वकिलातीवर जमाव चालून गेला आणि छपरावरचे पुतळे खाली ओढले. मग राजधानीच्याच नावात जर्मन शब्द कसा चालेल? झार दुसऱ्या निकोलसनं ऑगस्टअखेर हुकूम काढला: पेट्रोग्राड. ‘ग्राड’ हा स्लाव्ह शब्द, आपल्या ‘नगर’सारखा. म्हणजे ‘पीटरगड’ होतं त्याचं ‘पीटरनगर’ केलं, आणि त्या नादात संत गळून गेला. हे वेड रशियापुरतं नव्हतं. कॅनडात बर्लिन नावाचं शहर होतं, जर्मन वंशाच्या लोकांनी वसवलेलं. १९१६ मध्ये तिथे मतदान घेऊन अवघ्या ८१ मतांच्या फरकानं नाव बदलायचं ठरलं आणि बर्लिनचं किचनर झालं. हे लॉर्ड किचनर म्हणजे आपल्याकडे लष्कराचे सरसेनापती होते तेच, लॉर्ड कर्झनशी भांडलेले.

रशियात १९१७ मध्ये क्रांती झाली, १९१८ मध्ये राजधानी मॉस्कोला गेली. २१ जानेवारी १९२४ ला लेनिन वारला आणि पाचव्या दिवशी शहराचं नाव झालं लेनिनग्राड. लेनिनची पत्नी क्रुप्स्काया हिनं त्याच महिन्याच्या अखेरीस ‘प्रावदा’तून लोकांना विनवलं की त्याच्यासाठी स्मारकं उभारू नका, राजवाड्यांना त्याची नावं देऊ नका. कोण ऐकतंय! शहराला तर नाव आधीच देऊन झालं होतं.

एक जुना रशियन विनोद आहे, तुम्ही कदाचित ऐकला असेल. एका म्हाताऱ्याला विचारतात, जन्म कुठला? पीटर्सबर्ग. शिकलात कुठे? पेट्रोग्राड. राहता कुठे? लेनिनग्राड. आणि कुठे राहायला आवडेल? पीटर्सबर्ग.

विनोद छान आहे. पण १९४१ नंतर त्यातल्या ‘लेनिनग्राड’वर हसणं अवघड झालं.

८ सप्टेंबर १९४१ ला जर्मन फौजांनी शहराची जमिनीवरची शेवटची वाट बंद केली. वेढा पूर्णपणे उठला २७ जानेवारी १९४४ ला. मध्ये ८७२ दिवस गेले. हिटलरला शहर घ्यायचं नव्हतं, उपाशी मारायचं होतं. पहिल्या हिवाळ्यात, २० नोव्हेंबर १९४१ पासून सुमारे पाच आठवडे, कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळे आणि मुलांना, म्हाताऱ्यांना, कारकुनांना १२५ ग्रॅम. त्या पावातही पीठ कमी आणि भेसळ जास्त. बाजारातल्या पावाच्या चार-पाच कापा हातात घेऊन बघा, साधारण तेवढं, दिवसभरासाठी, कडाक्याच्या थंडीत, घरात ना वीज ना पाणी. लादोगा सरोवर गोठलं की त्या बर्फावरून ट्रक धान्य आणत आणि जमतील तेवढी माणसं बाहेर काढत. मेलेल्यांचे आकडे वेगवेगळे सांगतात, आणि बरेच अभ्यासक दहा लाखांच्या पुढे जातात. एकट्या पिस्कार्योव्स्कोये दफनभूमीत सुमारे पाच लाख माणसं आहेत, बहुतेक सगळी सामुदायिक खड्ड्यांत.

त्या दिवसांत रेडिओ बंद पडू द्यायचा नाही असं शहरानं ठरवलं होतं. कार्यक्रम नसले की संगीतवाल्यांकडे ताल मोजायचं जे यंत्र असतं, मेट्रोनोम, त्याची टकटक रेडिओवरून चालू ठेवत. सावकाश टकटक म्हणजे धोका नाही, वेगानं टकटक म्हणजे हल्ला. लोक ती ऐकत पडून राहत. शहर अजून जिवंत आहे एवढं त्यातून कळे. आणि निवेदक शहराचं नाव घेऊन बोलायला सुरुवात करी, लेनिनग्राड बोलतंय म्हणून. शोस्ताकोविचची सातवी सिंफनी ‘लेनिनग्राड’ याच नावानं ओळखली जाते. ९ ऑगस्ट १९४२ ला ती वेढ्यात असलेल्या शहरातच वाजवली गेली. रेडिओच्या वाद्यवृंदातले कितीतरी वादक तोवर मेले होते किंवा उभं राहण्याच्या स्थितीत नव्हते. संचालक कार्ल एलियासबर्ग यांनी सैन्यातून वादक मागवले, त्यांना जादा शिधा मिळवून दिला आणि तालमी घेतल्या. कार्यक्रमाच्या वेळी जर्मन तोफांनी व्यत्यय आणू नये म्हणून रशियन तोफखान्यानं आधीच त्यांच्यावर मारा केला. ध्वनिक्षेपकांवरून ते संगीत शहरभर ऐकू गेलं.

आता मला सांगा, हे नाव आता लेनिनचं राहिलं का? १९२४ मध्ये ते मॉस्कोत ठरलेलं होतं, राजकीय होतं, चिकटवलेलं होतं, सगळं मान्य. पण ज्या बाईनं आपल्या वाट्याचे १२५ ग्रॅम मुलाला दिले, तिनं ते लेनिनग्राडमध्ये दिले. तिला तुम्ही येऊन सांगणार की बाई, तुमच्या गावाचं नाव खोटं होतं?

याच काळातली दुसरी एक गंमत सांगतो, म्हणजे आपण फार लवकर एका बाजूला झुकायला नको. शहराचा मुख्य रस्ता नेव्हस्की. क्रांतीनंतर त्याचं नाव बदलून ‘२५ ऑक्टोबर मार्ग’ केलं होतं. पंचवीस वर्षं पाटीवर ते नाव होतं आणि लोक नेव्हस्कीच म्हणत होते. १९४४ च्या जानेवारीत, वेढा पूर्ण उठायला दोनेक आठवडे बाकी असताना, शहराच्या प्रशासनानं नेव्हस्की आणि आणखी काही रस्त्यांना, चौकांना जुनी नावं परत दिली. स्टॅलिनच्या राज्यात, युद्ध चालू असताना! म्हणजे रस्त्याला लोकांनी जुनंच नाव राखलं आणि शहराचं नवं नाव मात्र त्याच लोकांनी आपलंसं केलं. ‘२५ ऑक्टोबर मार्ग’ या नावावर कुणाचा जीव जडला नाही, लेनिनग्राडवर जडला.

इथे स्टॅलिनग्राडचा प्रश्न येतो. तो टाळता येणार नाही, कारण तिथे हीच गोष्ट आणखी अवघड होते. व्होल्गा नदीवरचं त्सारित्सिन १९२५ मध्ये स्टॅलिनग्राड झालं, स्टॅलिनच्या हयातीतच. तिथली लढाई फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली, जर्मनांची एक अख्खी सेना शरण आली, आणि ते नाव जगभर पोचलं. पॅरिसच्या मेट्रोत आजही स्टॅलिनग्राड नावाचं स्थानक आहे. पण स्टॅलिननं किती लाख माणसं छळछावण्यांत घातली हे पुढे सोव्हिएत सरकारलाच थोडंफार कबूल करावं लागलं. १९६१ मध्ये त्याचा देह मॉस्कोच्या समाधीतून हलवला आणि शहराचं नाव व्होल्गोग्राड केलं. २०१३ पासून नगरपरिषदेनं तोड काढली आहे: वर्षातले ठरावीक स्मृतिदिन असतील तेव्हा समारंभात ‘वीरनगरी स्टॅलिनग्राड’ म्हणायचं, एरवी व्होल्गोग्राड. लढलेल्यांच्या बाजूनं ते योग्य, आणि छावणीत मेलेल्यांच्या नातवंडांना ते ऐकवणारही नाही. मला याचं उत्तर सापडलेलं नाही. व्होल्गोग्राड हे नाव तेवढं निरुपद्रवी आहे, नदीवरून दिलेलं, कुणाच्या वाटेला न जाणारं.

परत लेनिनग्राडला येऊ. १२ जून १९९१. सोव्हिएत संघ डळमळत होता. रशियाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्याच दिवशी होती आणि लेनिनग्राडच्या मतदारांना जोडीला एक प्रश्न विचारला होता: शहराला मूळचं सेंट पीटर्सबर्ग हे नाव परत द्यावं का? सुमारे ६५ टक्के मतदान झालं. जवळजवळ ५५ टक्के लोक हो म्हणाले, सुमारे ४३ टक्के नाही म्हणाले.

हा ४३ चा आकडा मी नेहमी सावकाश वाचतो. हे सगळे कम्युनिस्ट नव्हते. त्यात वेढ्यातून वाचलेली माणसं होती, त्यांची मुलं होती, ‘लेनिनग्राडच्या संरक्षणासाठी’ असं कोरलेलं पदक छातीवर लावणारे सैनिक होते. त्यांचं म्हणणं साधं होतं, की आम्ही पीटर्सबर्ग नावाच्या गावात उपाशी राहिलो नाही. दुसऱ्या बाजूचंही म्हणणं साधं होतं. ज्या राज्यकर्त्यानं आमच्या कवी-शास्त्रज्ञांना देशोधडीला लावलं, त्याचं नाव आम्ही रोज पत्त्यात का लिहायचं? तिसरी बाजूही होती. अमेरिकेत राहणाऱ्या सोल्झेनित्सिनना ना लेनिन हवा होता ना जर्मन ‘बुर्ग’; त्यांनी रशियन वळणाचं ‘स्व्यातो-पेट्रोग्राड’ सुचवलं होतं. त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सप्टेंबर १९९१ मध्ये अधिकृतपणे सेंट पीटर्सबर्ग परत आलं.

मी तिथला मतदार असतो तर काय केलं असतं? बहुधा ‘हो’ म्हणालो असतो. पण मतदान केंद्रातून बाहेर पडताना शेजारच्या आजोबांकडे बघायला मला जड गेलं असतं.

मला त्या शहराचं कौतुक वाटतं ते याच्या पुढच्या भागासाठी. त्यांनी सगळं धुऊनपुसून साफ केलं नाही. शहर पीटर्सबर्ग झालं, पण त्याच्याभोवतीचा प्रांत, ज्याचा कारभार वेगळा आहे, तो आजही लेनिनग्राड प्रांतच आहे. मॉस्कोहून गाडी सुटते ते स्थानक लेनिनग्राडस्की. शहराच्या मध्यावर जुना भाग आहे त्याचं नाव पेट्रोग्राडस्की, म्हणजे दहा वर्षं टिकलेल्या नावालाही जागा मिळाली. विमानतळाची तीन अक्षरी खूण एलईडी आहे, दिव्याशी काही संबंध नाही. मॉस्कोच्या गाडीतून उतरून स्थानकाबाहेर आलात की समोर ओक्त्याब्रस्काया हॉटेलच्या छपरावर मोठाल्या अक्षरांत लिहिलंय, ‘वीरनगरी लेनिनग्राड’. ती अक्षरं कुणी उतरवली नाहीत. खाली टॅक्सीवाला विचारतो, पीतेरमध्ये पहिल्यांदाच आलात का?

दर वर्षी २७ जानेवारीला पिस्कार्योव्स्कोयेला लोक फुलं घेऊन जातात. काही जण फुलांबरोबर पावाचा तुकडाही ठेवतात. त्या दिवशी भाषणांत, रेडिओवर, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पीटर्सबर्ग हे नाव क्वचितच येतं.

आपल्याकडच्या नामांतरांबद्दल तुम्ही प्रश्न विचारणार हे मला ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगर, प्रयागराज, ही यादी मोठी आहे. त्यावर स्वतंत्र भाग करू. तोवर एक काम करा. तुमच्या गावात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा, तुमच्या लहानपणी या गावाला, या रस्त्याला, या चौकाला काय म्हणत होते, आणि अजून काय म्हणता. जे नाव ते सांगतील ते लिहून ठेवा आणि खाली आम्हालाही कळवा, गावासकट.